सुपरमॅनच्या शहरातला साधा पोलीस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत कार्टूनमधल्या सुपरहिरोंवर जो लेख आला होता तो वाचला. विषय घेतलात हेच मुळात आवडलं, कारण मोठ्या माणसांच्या पेपरात कार्टूनवर कोणी धड लिहीत नाही, लिहिलं तरी 'मुलं बिघडतात' एवढंच लिहितात. पण त्या लेखात एका ठिकाणी असं म्हटलंय की या मालिकांमधले पोलीस नुसते भरतीचे असतात, मार खायला आणि सगळं उरकल्यावर सायरन वाजवत यायला. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं आणि म्हणून हे पत्र. कारण माझ्या मते आजवरच्या सगळ्या सुपरहिरो कार्टूनमध्ये जे सगळ्यात मोठ्या मनाचं पात्र आहे ना, ते एका पोलीस डिटेक्टिव्हचं आहे. त्याला उडता येत नाही, त्याच्याकडे केप नाही, आणि बऱ्याच जणांना आज त्याचं नावही आठवत नाही. डॅन टर्पिन.

आधी एक मान्य करतो. लेखकाचं म्हणणं अगदीच हवेतलं नाहीये. १९६६ ची ती बॅटमॅनची टीव्ही मालिका घ्या (ती कार्टून नव्हती, माणसांची होती, पण पुढच्या कित्येकांनी तिचाच कित्ता गिरवला), त्यात काहीही झालं की कमिशनर गॉर्डन लाल फोन उचलणार आणि बॅटमॅनला बोलावणार, पोलीस खातं म्हणून स्वतःचं असं काही करणारच नाही. कार्टूनमध्ये तर ही सवय आणखी पक्की झाली. व्हिलन किती ताकदवान आहे हे वीस-बावीस मिनिटांत दाखवायचं असतं, मग सगळ्यात सोपा मार्ग काय, आधी पोलीस पाठवा, त्यांच्या गोळ्या व्हिलनच्या अंगावरून उडून जाऊ देत, दोन-चार गाड्या उलट्या पडू देत, की मग हिरोची एंट्री. गोष्ट लिहिणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर ही सोय आहे, मी समजू शकतो. पण मग जी मालिका ही सोय घेते, आणि घेऊन त्याच पोलिसाला विचारते की बाबा रे, तुला रोज असं पडताना कसं वाटतं, त्या मालिकेला वेगळं काढून बघायला नको का?

१९९६ साली अमेरिकेत किड्स डब्ल्यूबी या टीव्हीवरच्या मुलांच्या कार्यक्रमांच्या विभागात सुपरमॅनची ॲनिमेटेड मालिका सुरू झाली. ब्रूस टिम आणि त्याची टीम, म्हणजे ज्यांनी १९९२ ची बॅटमॅनची ती काळोखी, सुंदर मालिका केली तीच मंडळी. त्यांच्या मेट्रोपोलिस शहरात पोलिसांचं एक खास पथक आहे, स्पेशल क्राइम्स युनिट. नेहमीच्या पोलिसांच्या हाताबाहेरचं काही आलं, रोबो म्हणा, राक्षस म्हणा, परग्रहावरची शस्त्रं म्हणा, की हे पथक पुढे. पथकाची प्रमुख मॅगी सॉयर, आणि तिच्याबरोबर हा टर्पिन. बुटका, रुंद खांद्यांचा, वय झालेला, जाड भुवया, कपाळावर कायम आठी. आवाज जोसेफ बोलोग्ना या नटाचा, आणि तो आवाज ऐकलात की कळतं की हा माणूस आयुष्यभर रस्त्यावर उभा राहून ओरडलेला आहे. सुपरमॅनसारखा देखणा नाही, सुपरमॅनचा शत्रू लेक्स लुथर याच्यासारखा गोड बोलणारा नाही. पहिल्यांदा बघताना वाटतं की हा पण एक तिरसट पोलीस, असतो तसा.

मग 'टूल्स ऑफ द ट्रेड' नावाचा एपिसोड येतो. त्यात ब्रूनो मॅनहाइम नावाच्या गुंडाला, म्हणजे इंटरगँग या टोळीच्या म्होरक्याला, कॅन्टो नावाचा एक विचित्र पाहुणा अशी शस्त्रं पुरवतो की जी पृथ्वीवर बनलेलीच नाहीत. टर्पिन त्याच्या मागे. आणि सुपरमॅन येऊन टर्पिनला वाचवतो. आता आपण बघणारे म्हणणार, बरं झालं, वाचला. टर्पिन चिडतो! आभार मानायचं सोडून चिडतो, कारण त्याला दिसतंय की गुन्हेगार आता पोलिसांना भीत नाहीत, सगळ्यांची नजर आकाशाकडे, आणि ज्यांनी आयुष्य या कामात घालवलं त्यांची किंमत शून्य होत चाललीये. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मुलांच्या कार्टूनमध्ये कोणीतरी उघडपणे विचारतंय की जर सगळं तोच करणार असेल तर आम्ही कशाला आहोत, आणि मालिका त्याला मूर्ख ठरवत नाही, जळका म्हणून उडवून लावत नाही. त्याच्या रागात एक दुखावलेपण आहे ते नीट दाखवते. बरं, सुपरमॅनलाही कुठे मोठेपणा मिरवायचा नाहीये, त्याला समोर माणूस मरताना दिसला तर तो थांबूच शकत नाही, त्याचा तो स्वभाव आहे. म्हणजे दोघंही बरोबर, आणि तरी दोघांत ठिणगी. अशी गोष्ट लिहायला अक्कल लागते हो.

त्याच एपिसोडच्या शेवटी मॅनहाइम कॅन्टोबरोबर अपोकोलिप्स या ग्रहावर पोचतो आणि तिथे आपल्याला पहिल्यांदा त्या ग्रहाचा हुकूमशहा डार्कसाइड दिसतो. एक स्थानिक गुंड पकडायची केस, आणि ती धरून गोष्ट विश्वातल्या सगळ्यात भयंकर सत्तेपर्यंत जाते. आणि हा धागा पहिल्यांदा हातात कोणी धरला होता? एका डिटेक्टिव्हने.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. 'अपोकोलिप्स नाऊ' हा दोन भागांचा एपिसोड, फेब्रुवारी १९९८ चा. ज्यांनी पाहिला नाहीये आणि पुढे पाहायचाय त्यांनी इथून पुढचं पत्र एपिसोड बघून वाचा, कारण शेवट सांगितल्याशिवाय मला माझं म्हणणं मांडताच येणार नाही.

डार्कसाइड पृथ्वीवर येतो. लुटायला नाही, त्याला सोनं-नाणं नकोच आहे. त्याला माणसांची इच्छाच हवीये, त्यांनी स्वतःहून मान खाली घालायला हवीये. (ज्या कॉमिक्समधून तो आला त्यात तर तो 'अँटी-लाइफ इक्वेशन' शोधत असतो, म्हणजे असं सूत्र की ज्याने कोणाकडेही स्वतःची इच्छा म्हणून उरणार नाही.) मॅगी सॉयर हल्ल्यात जबर जखमी होते, हॉस्पिटलमध्ये पोचते, आणि पथकाचा भार टर्पिनवर येतो. सुपरमॅन लढतो आणि हरतो. हो, हरतो, आणि डार्कसाइड त्याला मारून टाकत नाही तर जखडून, बांधून मेट्रोपोलिसच्या लोकांसमोर आणतो. बघा तुमचा तारणहार, आता कोणाच्या भरवशावर राहणार? हा सीन मी जेव्हा जेव्हा बघतो तेव्हा मला सुपरमॅनपेक्षा त्या गर्दीकडे बघावंसं वाटतं. कोणी काही बोलत नाही. कारण गेल्या सगळ्या एपिसोडमध्ये त्यांना सवय लागलीये ना, की वरून कोणीतरी येणार. आणि आता तो वरून येणाराच साखळदंडात.

अशा वेळी जो माणूस पुढे होतो तो टर्पिन. त्याच्याकडे काही युक्ती नाहीये, गुप्त शस्त्र नाहीये, हे जिंकता येईल असा हिशोबही त्याच्याकडे नाहीये. हे शहर आमचं आहे आणि आम्ही वाकणार नाही, एवढंच आहे त्याच्याजवळ. तो डार्कसाइडला तोंडावर नकार देतो, आणि मग लोक हलतात, लढायला लागतात, आणि त्या गोंधळात तोच सुपरमॅनला सोडवतो. ज्याला सुपरमॅनने वाचवलं म्हणून राग आला होता तोच माणूस सुपरमॅनला वाचवतो, आणि यावर कोणी एक डायलॉगसुद्धा मारत नाही, बघणाऱ्याने स्वतः जोडून घ्यायचं. आजकालच्या कितीतरी सिनेमांत हे तीन वेळा समजावून सांगितलं असतं.

मग ओरायन हा योद्धा न्यू जेनेसिसची, म्हणजे अपोकोलिप्सच्या वैरी ग्रहाची फौज घेऊन येतो आणि सांगतो की पृथ्वी आता आमच्या संरक्षणाखाली आहे, इथे पुढे हात लावलास तर तह मोडला असं धरू, युद्ध होईल. डार्कसाइड माघार घेतो. संपलं असं वाटतं. टर्पिन आनंदात आहे, लोक आनंदात आहेत, पार्श्वसंगीतसुद्धा सैल झालंय. आणि जाता जाता डार्कसाइड थांबतो, मागे वळतो, आणि डोळ्यांतून ओमेगा बीम नावाचे जीवघेणे किरण सोडतो. सुपरमॅनवर नाही. टर्पिनवर. एका क्षणात माणूस नाहीसा. शेवटचे शब्द नाहीत, कोणाच्या मांडीवर डोकं नाही, काही नाही. सुपरमॅनसारखा वेगवान माणूस तिथे उभा आहे आणि त्यालाही काही करता येत नाही.

डार्कसाइडने त्याला का निवडला, यावर मी बराच विचार केलाय. तो सूड तर आहेच. पण सूडच घ्यायचा तर सुपरमॅनच्या जवळची लोइस होती, जिमी होता, किती तरी होते. मला वाटतं डार्कसाइडला तिथल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळलं होतं की आज आपल्याला कोणी हरवलं. सुपरमॅनला तर त्याने हरवलंच होतं. ओरायनची फौज आली तीही नंतर. मधल्या वेळात, जेव्हा सगळं त्याच्या मुठीत होतं, तेव्हा एका सामान्य पोलिसाने त्याच्या तोंडावर नाही म्हटलं आणि त्या एका 'नाही'मुळे त्याची सगळी योजना फसली. ज्याच्याकडे कसलीच शक्ती नाही त्याने नाही म्हणणं हे डार्कसाइडसारख्याला सहन होण्यासारखंच नाही.

त्यानंतर शत्रू मागे टाकून गेलेल्या रणगाड्यावर सुपरमॅन तुटून पडतो, ठोसे मारत राहतो, मारतच राहतो. आणि मग थेट स्मशान. एक धर्मगुरू अरामी भाषेत कद्दीश म्हणतो, म्हणजे ज्यू लोक मृतासाठी म्हणतात ती प्रार्थना. १९९८ साल, मुलांचा कार्यक्रम, आणि एका पात्राचा त्याच्या धर्माप्रमाणे पूर्ण अंत्यविधी! सगळे गेल्यावर सुपरमॅन एकटा थडग्यापाशी थांबतो आणि म्हणतो की शेवटी या जगाला सुपरमॅनची गरज पडलीच नाही, गरज होती ती एका शूर माणसाची. स्वतःच्या नावाच्या मालिकेत हिरो स्वतः हे कबूल करतो. यापेक्षा मोठा मान मी तरी कुठल्या कार्टूनमध्ये कुठल्या पात्राला मिळालेला पाहिला नाही.

आणि मग पडद्यावर अर्पणपत्रिका येते, हा एपिसोड जॅक कर्बीच्या स्मृतीस. इथे थोडं थांबून सांगायला हवं कारण टर्पिनची अर्धी गोष्ट इथे आहे आणि बऱ्याच जणांना ती ठाऊक नसते. जॅक कर्बी, कॉमिक्सचा चित्रकार, खरं नाव जेकब कुर्ट्झबर्ग, जन्म १९१७, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये, बाहेरून आलेल्या ज्यू कुटुंबातला, गरिबीत आणि रस्त्यावरच्या मारामाऱ्यांत वाढलेला. जो सायमन नावाच्या जोडीदाराबरोबर त्याने कॅप्टन अमेरिका हा सुपरहिरो उभा केला, ज्याच्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरला ठोसा मारतोय, आणि तो अंक बाजारात आला तेव्हा अमेरिका युद्धात उतरलेलीसुद्धा नव्हती. पुढे कर्बी स्वतः पायदळात भरती होऊन युरोपात लढला, तिथल्या थंडीत पाय गोठून हॉस्पिटलमध्ये पडला. साठच्या दशकात लेखक स्टॅन लीबरोबर फँटास्टिक फोर, हल्क, एक्स-मेन, ही यादी सगळ्यांना माहितीये. १९७० मध्ये तो डीसीकडे, म्हणजे सुपरमॅनची कॉमिक्स काढणाऱ्या कंपनीकडे आला आणि त्याने स्वतःच लिहून, स्वतःच काढून एक आख्खं नवीन पुराण रचलं, त्यात डार्कसाइड, ओरायन, अपोकोलिप्स, न्यू जेनेसिस सगळं आलं. आणि या सगळ्या देव-दैत्यांच्या गर्दीत त्याने एक बुटका पोलीसही टाकला. डॅन टर्पिन, १९७१, 'न्यू गॉड्स'चा पाचवा अंक. पुढे आठव्या अंकात तर हा टर्पिन डार्कसाइडच्या मुलाला, कॅलिबॅकला, आडवा जातो, हाडं मोडेपर्यंत मार खातो आणि तरी मागे हटत नाही.

म्हणजे बघा, देवांच्या युद्धात माणूस कुठे उभा राहतो हा प्रश्न कर्बीला पहिल्यापासून पडलेला होता, आणि त्याचं उत्तर त्याने कुठल्या राजाच्या किंवा शास्त्रज्ञाच्या रूपात दिलं नाही, एका ड्युटीवरच्या पोलिसाच्या रूपात दिलं.

कर्बी फेब्रुवारी १९९४ मध्ये गेला. ब्रूस टिम आणि त्याची टीम त्याचीच चित्रं बघत वाढलेली. त्यांनी मालिकेसाठी टर्पिन घेतला तेव्हा त्याचा चेहरा, ठेवण, सगळं खुद्द कर्बीवर बेतलं. म्हणून तो कद्दीश. आता हे लक्षात ठेवून शेवट परत बघा. कर्बीने घडवलेला पोलीस, कर्बीचाच चेहरा, आणि त्याला मारणारा डार्कसाइड तोही कर्बीच्याच पेन्सिलीतून आलेला. मला हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता, आणि अजूनही येतो. त्या टीमने आपल्या गुरूला पुतळा-बितळा न करता त्याच्याच गोष्टीत नेऊन उभं केलं, आणि त्याला शक्ती दिल्या नाहीत, हट्ट दिला.

आता माझा खरा मुद्दा, आणि यासाठीच एवढं लांबण लावलं. टर्पिनचं महत्त्व नुसतं त्याच्या मरण्यात नाहीये. ते पूर्ण कळतं दोन वर्षांनी, २००० साली, मालिकेच्या शेवटच्या गोष्टीत, 'लेगसी'मध्ये. सुपरमॅन तिथे अपोकोलिप्सवर जाऊन डार्कसाइडला अक्षरशः लोळवतो, त्याला उचलून त्याच्याच गुलामांच्या पुढ्यात फेकतो आणि म्हणतो, घ्या, तुम्ही मोकळे आहात, काय करायचं ते करा. आणि ते गुलाम काय करतात? त्याला हळूच उचलतात, सावरतात, घेऊन जायला लागतात. ज्याने पिढ्यान् पिढ्या छळलं त्याचीच सेवा. आणि डार्कसाइड सुपरमॅनला सांगतो की मी बरंच काही आहे, पण इथे मी देव आहे.

हे दोन सीन शेजारी शेजारी ठेवा. मेट्रोपोलिसमध्ये सुपरमॅन हरला होता आणि तरी लोक उठले. अपोकोलिप्सवर सुपरमॅन जिंकला आणि तरी कोणी उठलं नाही. ताकद म्हणाल तर दोन्हीकडे तीच होती, तोच सुपरमॅन, तोच डार्कसाइड. फरक एवढाच की अपोकोलिप्सवर टर्पिन नव्हता. वरून आलेला कोणीही कितीही बलवान असला तरी तो लोकांना स्वातंत्र्य आयतं हातात देऊ शकत नाही, खालून कोणीतरी आधी नाही म्हणावं लागतं, ही गोष्ट सुपरहिरोच्या मालिकेने सांगितली, आणि ती सांगायला तिला हिरो पुरला नाही, पोलीस लागला. ज्या पात्राला तुमचा लेख भरतीचा म्हणतो, त्याला काढून बघा, अख्ख्या मालिकेचा अर्थ कोसळतो. मग राहतं काय, एक बलवान विरुद्ध दुसरा बलवान, आणि खाली बघे.

आणि टर्पिन एकटाच नाहीये हेही सांगतो, फक्त थोडक्यात, नाहीतर पत्र फारच लांबेल. १९९२ च्या बॅटमॅन मालिकेतली रेने मोंटोया घ्या. तिला त्या मालिकेसाठी घडवलं गेलं, आणि मग ती कॉमिक्समध्ये गेली, तिथे इतकी मोठी झाली की आज तिचे स्वतःचे चाहते आहेत. मालिकेत आधी ती साधी ऑफिसर आहे, पुढे १९९७ च्या भागांमध्ये डिटेक्टिव्ह होते. 'पी.ओ.व्ही.' हा तिचा एपिसोड तर कोणीही बघावा, एक छापा फसलाय, तीन पोलिसांची चौकशी चाललीये आणि तिघं तीन तऱ्हेने घटना सांगतायत. हार्वी बुलक स्वतःची चूक झाकायला सगळं बॅटमॅनवर ढकलतो, नवशिका विल्क्स भारावून गेलाय, आणि मोंटोया जे पाहिलं तेच सांगते. सस्पेंड होते, बिल्ला काढून घेतात, आणि तरी बॅटमॅनला मदत लागेल म्हणून एकटी गोदीवर जाते. बिल्ला नसताना! मुलांसाठीच्या मालिकेत एवढं नेमकं काम.

आणि तो बुलक. ढेरपोट्या, चुरगळलेला कोट, तोंडात काडी, बॅटमॅनचा राग करणारा. त्याचा 'अ बुलेट फॉर बुलक' बघा, कोणीतरी त्याच्या जिवावर उठलंय, तो घाबरलाय, आणि नाइलाजाने बॅटमॅनकडे मदत मागतो. दोघं मिळून जुने गुन्हेगार धुंडाळतात, आणि शेवटी खुनी निघतो त्याचा घरमालक, ज्याला हा घाणेरडा, कटकट्या भाडेकरू घराबाहेर हवा होता. याच एपिसोडच्या संगीताला एमी हा अमेरिकेतला टीव्हीचा पुरस्कार मिळालाय. बुलक काही संत नाही, नियम मोडतो, खोटं बोलतो, पण गोष्ट त्याला माणूस म्हणून बघते. २००४ च्या 'द बॅटमॅन' मालिकेत तर ईथन बेनेट नावाचा सरळ, चांगला डिटेक्टिव्ह, ब्रूस वेनचा मित्र, खात्यात बॅटमॅनची बाजू घेणारा, जोकरच्या हाती सापडतो आणि क्लेफेस, म्हणजे चिखलासारखा आकार बदलणारा व्हिलन होतो, आणि त्याची पार्टनर एलन यिन हे सगळं उघड्या डोळ्यांनी बघते. ही पात्रं मार खायला आणलेली आहेत असं म्हणणं म्हणजे बघितलंच नाही असं म्हणणं.

दोन आक्षेप येतील ते मला माहितीये. पहिला, की अशाने मुलांपुढे पोलिसांचं फार गोड चित्र जातं. पण वर सांगितलेला बुलक गोड आहे का? 'पी.ओ.व्ही.'मध्ये खातं स्वतःच्याच माणसांची चौकशी करतंय, एक जण खोटं बोलतोय, हे सगळं मुलांना दाखवलंय. टर्पिनसुद्धा चिडका, हट्टी, सुपरमॅनवर खार खाणारा दाखवलाय. या मालिकांनी पोलिसाला वर्दीचा मोठेपणा दिला नाही, जे काही मोठेपण आहे ते त्या माणसाने त्या त्या वेळी जे केलं त्याचं आहे.

दुसरा आक्षेप, की मुलांच्या कार्टूनमध्ये असं मरण कशाला? हा मी गंभीरपणे घेतो कारण तो प्रेमापोटी येतो. त्या काळात अमेरिकेत चॅनलवाल्यांचे नियम कडक असायचे, शनिवार सकाळच्या कार्टूनमध्ये कोणी खरोखर मरायचं नाही, पॅराशूट उघडायचंच, शत्रूही बहुतेक रोबोच असायचे म्हणजे तोडले तरी चालतात. पण त्याने मुलांना काय कळायचं? की कितीही मोठा धोका घ्या, काही होत नाही. मग शूरपणा कशाला म्हणायचं? काही होणारच नसेल तर पुढे जाण्यात काय मोठेपणा? टर्पिनला माहीत होतं की आपण मरू शकतो आणि तो तरी पुढे झाला, आणि मालिकेने खोटं न बोलता त्याची किंमत दाखवली, रक्त न दाखवता, किंकाळी न ऐकवता. आणि नंतर त्या मरणासोबत मुलांना एकटं सोडलं नाही, अंत्यविधी दाखवला, प्रार्थना ऐकवली, सगळ्यात ताकदवान माणसाला मान खाली घालून उभं राहिलेलं दाखवलं. दुःख झालं तर लोक असं करतात, एकत्र येतात, नाव घेतात, हे मुलांना कुठेतरी दिसायला नको का? मला तर वाटतं की मोठ्यांच्या कितीतरी सिनेमांत एवढी काळजी घेतलेली नसते, तिथे माणसं ढिगाने मरतात आणि पुढच्या सीनला कोणाला त्यांची आठवणही नसते.

म्हणून संपादकसाहेब, माझी विनंती आहे की त्या पुरवणीत याची दुसरी बाजू मांडणारा एक लेख यावा. मीच लिहावा असं बिलकुल नाही, ज्यांचा ॲनिमेशनचा अभ्यास आहे अशा कोणाकडूनही लिहून घ्या, फक्त लिहिणाऱ्याने आधी हे एपिसोड नीट बघावेत एवढीच अट. आणि लेखाबरोबर सुपरहिरोंचे तेच ते केप फडकवणारे फोटो न टाकता एखादा टर्पिनचा, एखादा मोंटोयाचा टाकलात तर फार बरं होईल.

ज्या वाचकांना मुलांबरोबर बसून बघायचंय त्यांच्यासाठी क्रम देतो, कारण मधूनच बघितलं तर जोर निघून जातो: आधी 'टूल्स ऑफ द ट्रेड', मग 'अपोकोलिप्स नाऊ'चे दोन्ही भाग एकाच बैठकीत, आणि मग थोडे दिवस जाऊ देऊन 'लेगसी'चे दोन भाग. फार लहान मुलं असतील तर 'अपोकोलिप्स नाऊ'च्या दुसऱ्या भागाला त्यांच्या शेजारी बसा, रिमोट देऊन स्वयंपाकघरात जाऊ नका, ती प्रश्न विचारतील.

आपला,
एक नियमित वाचक